नवा चाकू उघडेना

कलमवाल्याच्या नाकावर राग आधीपासूनच असायचा. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तो तिथे मुक्कामालाच आला. डाव्या हाताची बोटं जड झाली होती, जीभ मात्र पहिल्यासारखीच तिखट होती.

त्याची गुलाबांची रोपवाटिका होती. रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, आत चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे इवला कोंब, बसवायचा, वरून पट्टी बांधायची, यात त्याचा जन्म गेला होता. आता सगळं मुलगा बघायचा. जरा उठून फिरता यायला लागल्यावर म्हातारा एकटाच कामाच्या शेडमध्ये जाऊन बसला, आणि जुना चाकू निसटून थेट तळव्यात रुतला. भोवळ येऊन तो तिथेच पडला. टाके पडले. मुलाने तो चाकू परस्पर कुठेतरी फेकून दिला.

मग कलमवाल्याने घर डोक्यावर घेतलं. कोणाला विचारून टाकलास, मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं सकाळ-संध्याकाळ चालायचं. शेवटी कंटाळून तो बोलायचाच बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं. सून नवऱ्याच्या मागे लागली, तेव्हा कुठे नवा घडीचा चाकू घरात आला.

चाकू देखणा होता, पण पातं मुठीत असं रुतून बसलेलं, की खाचेत नख घालून ओढलं तर नखच उलटायचं.

"नवीन आहे बाबा. वापरून वापरून सैल होईल," मुलगा म्हणाला आणि कामाला निघून गेला.

कलमवाला हात धुऊन चाकूच्या मागे लागला. खिडकीपाशी बसून पातं ओढायचा, मिटायचा, पुन्हा ओढायचा. सुनेकडून शिलाई मशीनचं तेल मागून घेतलं, सांध्यात थेंब सोडला, फडक्याने पुसलं, पुन्हा सोडला. अंगठ्याला फोड आला, फुटला, त्यावर चिंधी गुंडाळली. संध्याकाळपर्यंत पातं थोडं वळणावर यायचं. दातओठ खात का होईना, तो ते पुरतं उघडायचा आणि चाकू टेबलावर ठेवून समाधानाने जेवायला बसायचा. सकाळी पाहावं तर पुन्हा जैसे थे.

तो स्वतःच्या हातावरच चिडला. मेल्या, झोपलास की सगळं विसरतोस, असं म्हणून त्याने एकदा डावा हात टेबलावर आपटला. दारात चपला घालणाऱ्या मुलालाही ते ऐकू गेलं. आपल्यात आता राम उरला नाही, हे त्याला आतून पटत चाललं होतं, आणि त्याचाच त्याला जास्त संताप येत होता.

एके सकाळी आंघोळीला गेलेला कलमवाला टॉवेल विसरला म्हणून परत आला. मुलगा टेबलापाशी पाठमोरा उभा होता. एका हातात चाकू, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर. पात्याच्या सांध्यावरचा स्क्रू तो आवळत होता.

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तो ओरडला नाही.

"रोज करतोस?"

मुलगा दचकला. मान खाली घालून हो म्हणाला. मग त्याचाही तोल सुटला. "शेडमध्ये तुम्ही रक्तात पडला होतात. कोणी उचललं? मला वाटलं, तुम्ही गेलात. पुन्हा ते बघायची माझ्यात ताकद नाही."

"मग तोंडाने सांगायचं होतंस. चाकू देत नाही म्हणायचं होतंस. मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या." कलमवाल्याने डावा हात पुढे केला. "मी इथे बसून स्वतःच्या हाताला शिव्या देत होतो रे. हात मेला म्हणून. आणि तू ते ऐकत होतास."

सून दारात येऊन उभी राहिली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने नजर वळवली.

"सैल कर. माझ्यासमोर," म्हातारा म्हणाला.

मुलाने स्क्रू सैल केला. कलमवाल्याने खाचेत नख घातलं. पातं सरळ बाहेर आलं, काही जोर न लावता. त्यामुळे तर तो आणखीच भडकला.

त्याच दिवशी तो शेडमध्ये जाऊन बसला. मुलगा जवळ घुटमळत होता, त्याला त्याने समोरच्या वाफ्याकडे हाकललं. पहिल्या खुंटाची साल फाटली, दुसऱ्याचा डोळा मातीत पडला. तिसरा नीट बसला, पण पट्टी बांधायला डावी बोटं वळेनात. बराच वेळ तो झटत राहिला. मग मुलाकडे न बघताच त्याने हाक मारली आणि कुंडी पुढे सरकवली. मुलाने येऊन पट्टी बांधली. पुढची कुंडी, मग त्याच्या पुढची, असं दुपारपर्यंत चाललं.

पुढच्या काही आठवड्यांत त्यातले बरेच डोळे काळे पडून गळाले. काही हिरवे राहिले, फुटले. कलमवाल्याचा राग मात्र तोवरही उतरला नव्हता. मीठ हवं असलं तरी तो सुनेला म्हणायचा, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ दे म्हणावं. मुलगा मुकाट्याने मीठ सरकवायचा. चाकू आता टेबलावर नसायचा. म्हातारा तो सदऱ्याच्या खिशात ठेवायचा, झोपतानासुद्धा.