देवीपुढचा दिवा

सोमवारी आमच्या एस्टीम गाडीचं आरटीओत पासिंग होतं. नापास झाली तर ती भंगारात जाणार, हे माझ्या भावाने, सुयोगने, मला न विचारता ठरवून टाकलं होतं. भंगारवाल्याला फोनसुद्धा करून बसला होता. गाडी पंचवीस वर्षांची, बाबांची. तिच्यातून आम्ही दर गणपतीला गावी गेलो. सुयोगला मात्र तिने अडवलेली सोसायटीतली पार्किंगची जागा दिसत होती.

नापास व्हायला कारण होतं. इंजिनाला पेट्रोलचा अंदाज देणारा, सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर मेला होता आणि गाडी चुलीसारखी काळा धूर ओकत होती. बिघाड दाखवणारा डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा तीन वर्षांपूर्वीच पेटला होता. तेव्हा सुयोग म्हणाला, गाडी विका. बाबा म्हणाले, आधी मला विका. रोजच्या भांडणाला कंटाळून आईने त्या दिव्यावरच गावच्या सातेरीदेवीचा स्टिकर चिकटवला. पातळ स्टिकर, मागून उजेड. आई म्हणाली, "बघा, देवीपुढं दिवा लागला. आता गप्प बसा."

वर्षभरात आईच गेली. तेव्हापासून बाबा रोज सकाळी खाली जाऊन गाडी चालू करायचे, हात जोडायचे आणि अख्ख्या कांदिवलीला धूर खायला लावायचे.

मी आयटीआयमध्ये पोरांना मोटार मेकॅनिक शिकवते आणि माझ्याच घरची गाडी अशी! अंधेरीपासून कुर्ल्यापर्यंत दुकानं पालथी घालून सेन्सर मिळवला. रविवारी सकाळी गाडीखाली शिरले. जुना सेन्सर गंजून पाइपाशी एकजीव झालेला. तेल मारलं, पाना लावला, शिव्या घातल्या. बोटाचं सालटं निघालं, तेव्हा कुठे तो सुटला. नवा बसवला, गाडीने जुना बिघाड विसरावा म्हणून बॅटरीची वायर काढून ठेवली, थोड्या वेळाने परत जोडली. गाडी चालू केली. दिवा गेला, धूर गेला. मला नाचावंसं वाटलं.

बाबा स्टिअरिंगवर बसले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दिवो खंय गेलो?"

"गेला! तेवढ्यासाठीच मरत होते सकाळपासून."

"देवीपुढचो दिवो तू विझवलंस? तुझ्या आवशीन लावलेलो?"

माझं डोकं सणकलं. "आईने लावला नव्हता, बाबा! गाडी बिघडली होती म्हणून पेटला होता!"

बाबांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. खाली उतरायलाही तयार होईनात. त्यांचं ते रुसणं मला सहन होत नाही. शेवटी मीच इंजिन बंद करून चावी अर्धी फिरवली. इंजिन बंद असताना अर्ध्या चावीवर तो दिवा पेटतोच. देवी पिवळी उजळली.

"हा घ्या दिवा. पाया पडा, मग गाडी चालू करा, की तो आपोआप जाईल. कळलं?"

त्यांनी मान हलवली. मी हात धुवायला वर गेले.

सोमवारी सकाळी निघायच्या वेळी गाडी ठार मेलेली. चावी कालच्यासारखीच अर्ध्यावर. बॅटरी संपलेली.

"बाबा!" माझ्या आवाजाने वॉचमन धावत आला. "चावी बंद का नाही केलीत? नाही तर गाडी तरी चालू करायची! दोन्हींनी दिवा गेला असता!"

"म्हणानच नाय केलंय," बाबा म्हणाले. "पेटलेलो दिवो आपल्या हातान कोण विझवता गो?"

सुयोग फस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने आपली गाडी पुढे आणली. त्याच्या बॅटरीवरून आमच्या बॅटरीला केबल जोडली. बाबा आत बसले. देवी उजळली. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले.

"बाबा, फिरवा ना चावी! पासिंगचा नंबर जाईल," सुयोग म्हणाला.

"एक शब्द बोलू नकोस," मी त्याच्यावर खेकसले. "आईशी बोलतायत ते."