आषाढातले बांगडे

बोटीवरचा खलाशी गुंडा समुद्रात पडून मेला तेव्हा पावसाळ्यातली मासेमारीबंदी चालू होती. म्हणून बोटीचा मालक शंभूराज यानं पोलिसांना सांगितलं, "बोट बंदरातच होती. गडी दारू पिऊन धक्क्यावरनं पडला." गुंडानं कधी तंबाखूलाही हात लावला नव्हता. ते बोल त्याच्या बायकोच्या, क्रांतीच्या काळजात रुतून बसले.

सांगलीत विश्रामबागेला शंभूराजची मासळीची खानावळ होती. क्रांती जतहून आली आणि तिथंच मासे साफ करायला राहिली. मालकानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. आडनाव तिनं माहेरचं सांगितलं. तो म्हणे, "लय झ्याक हात चालतोय बाई तुजा." ती मान खाली घालून खवले काढी आणि पुढच्या आषाढाची वाट बघे.

गुंडा घरी आला की सांगायचा, "पावसात बांगड्याची मादी अंडी सोडती. तवा जाळं टाकलं तर पुढच्या साली समुद्र रिकामा. पन मालक ऐकत न्हाई."

आषाढ आला. गावभर बर्फातली, डोळे पांढरे पडलेली मासळी मिळत होती. इथं मात्र एका सकाळी लालभडक कल्ल्यांचे बांगडे उतरले. क्रांतीनं एक चिरला. पोटात गाबोळी, अंड्यांची पिशवी, तटतटून भरलेली. तिनं हात धुतले, परसात जाऊन मत्स्य खात्याला फोन लावला.

दुपारी अधिकारी आले. शंभूराज हसला. "बंदीच्या आधीचा माल हाय साहेब, शीतगृहातला."

क्रांती पुढं झाली. तिनं एक बांगडा उचलून पोटावरून अंगठा दाबत नेला. खसखशीएवढी, काचेसारखी अंडी साहेबांच्या तळहातावर ओघळली.

"साहेब, बर्फात महिना काढलेल्या माशाची अंडी अशी व्हात न्हाईत. ह्यो काल समुद्रात पवत हुता."

"तू कोन गं मला शिकवनारी?" शंभूराज खेकसला.

"गुंडाची बायको."

शंभूराजचा चेहरा उतरला.

बोट जप्त झाली. सगळं आपल्यावरच शेकणार हे दिसताच बोट चालवणाऱ्या तांडेलानं तोंड उघडलं. खवळलेल्या समुद्रात गुंडा पडला तेव्हा मालक फोनवर म्हणाला होता, "जाळं भरू द्या, मगच मागं फिरा." क्रांतीनं त्यावरून पोलिसांत तक्रार दिली.

पोलीस ठाण्याच्या आवारात शंभूराजनं हात जोडले. "ताई, आपसात मिटवू."

"आदी सगळ्यांसमोर म्हना, गुंडा पीत नव्हता."

तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

तो ओरडला. आवारातली माणसं वळून बघू लागली. क्रांतीला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

"आता तरी तक्रार मागं घे."

"न्हाई," ती म्हणाली, आणि जतच्या एसटीसाठी स्टँडकडं चालू लागली.