पायरीवरचं खोकं

दर शनिवारी मी घरपोच द्यायचे त्या भाजीच्या खोक्यांपैकी चंदनबाला काकूंच्या खोक्यात त्या शनिवारी नऊ जिन्नस होते: दुधी एक, कोबीचा गड्डा एक, पावटा आणि वाटाणा अर्धा अर्धा किलो, टोमॅटो सहा, बटाटे बारा, गाजरं सात, मुळे दोन, बीट तीन. एकूण पाच किलो दोनशे ग्रॅम. त्यातले शेवटचे चार जिन्नस, म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम, काकूंच्या उंबऱ्याच्या आत कधीच जात नव्हते, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. घर जैन, जमिनीखाली वाढलेलं काकू खात नाहीत. त्या खोकं जिन्याच्या पायरीवर उघडायच्या, कंद बाहेर ठेवायच्या आणि उरलेलं आत न्यायच्या.

चाळीस टक्के भाजी वाया, असं मी धरलं. बाहेर काढलेले कंद पुढे कुठे जातात हे विचारलंच नाही. काकूंसाठी मी वेगळं खोकं भरायला घेतलं: कंदांच्या जागी तेवढ्याच वजनाचा आणखी दुधी आणि घेवडा. काकू ‘बरं झालं बाई’ म्हणाल्या.

दोन शनिवार गेले आणि त्यांनी खोकं बंद करायला सांगितलं. त्याच दिवशी समोरच्या दारातल्या हंबीरराव सुभेदारांनीही.

सांगलीत माझी गिऱ्हाइकं दहाच. कोरेगावहून टेम्पो आणणाऱ्या जोतीरामकाकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दहाच्या खाली आलं की सांगली बंद. आठ झाल्यावर त्याने मला एक शनिवार वाढवून दिला, तोही दोन वेळच्या चहाच्या बोलीवर.

मी आधी सुभेदारांचं दार वाजवलं. आत भिंतीला टेकून दोन दुधी उभे होते, हजेरीला उभे केल्यासारखे.

“हे बघ पोरी,” सुभेदार म्हणाले, “पलटणीत बावीस वर्षं दुधी खाल्ला मी. हितं माझा दुधी ह्या समोरच्या अक्का घ्यायच्या, त्यांचं बटाटं-गाजर मी. आता तू त्यास्नीच दोन-दोन दुधी दिलंस. माझा कोण घेणार, तुझा काका?”

जोतीरामकाका खालून, टेम्पोपासून म्हणाला, “न्हाई.”

बोलणं ऐकून काकूंनी दार उघडलं. नव्या खोक्यात त्यांना काहीच खोट दिसत नव्हती. पण आधी शनिवारी सुभेदार आपलं स्टूल घेऊन बाहेर यायचे, दोघांची भाजी पायरीवर निवडली जायची, काकूंचा चहा व्हायचा आणि सुभेदारांच्या लेकीचं लेहहून काय पत्र-फोन आलं ते निघायचं. हे सगळं त्यांनी सांगितलं, कोबीचा भाव सांगावा तसं.

“आता खोकं सरळ आत येतंय,” त्या म्हणाल्या. “आत घेतलं की दार लागतंय.”

मी विचारलं, गाजरं-बटाटे परत घालू का?

“मुळा बी घाल. सुभेदारांना सोसत न्हाई, पण घेत्यात बिचारे.”

“सोसतो की,” सुभेदार म्हणाले.

पुढच्या शनिवारी टेम्पोतून दहा खोकी उतरली. तासाभराने मी रिकामी खोकी न्यायला गेले, तेव्हा स्टूल बाहेरच होतं आणि दोन्ही दारं उघडी. पायरीवर उरला होता तो मुळ्याचा पाला. मी तो वजनकाट्यावर ठेवला: साठ ग्रॅम.