मार्व्हलिनच्या कवितेतली थांबायची जागा

बायबलवर हात ठेवून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. शपथ घेऊ नये असं पास्टर म्हणतात, तरी घेते. खोटं निघालं तर माझी कवळी सूपमध्ये पडो.

सिस्टर आयोनीने, चर्चमध्ये आम्ही सगळ्याच एकमेकींना सिस्टर म्हणतो, लेकीची, मार्व्हलिनची, बाही घट्ट धरली होती. दोघी भोपळ्याच्या आड उभ्या होत्या. यंदाच्या सुगीच्या रविवारी हँड्सवर्थच्या आमच्या, म्हणजे जमैकाहून इंग्रजांच्या मुलखात आलेल्यांच्या, चर्चच्या हॉलात देवाचे आभार मानायला कोनफळं, केळी, पाव सगळं मांडलं होतं, पण भोपळा म्हणजे भोपळाच. तो बाबागाडीत घालून आणावा लागला, आणि रस्त्यात दोघीजणींनी वाकून बाळ कोणाच्या वळणावर गेलंय ते सांगितलं.

"स्तोत्र म्हणणार आहेस ना?" आयोनीने विचारलं.

"कविता म्हणणार आहे, मम्मी."

"भावाची?"

मार्व्हलिनने मान डोलावली.

"इथे सगळ्यांना माहीत आहे, एव्हरल्ड लीड्सला मामाकडे बेकरीत लागलाय."

"आणि तो बसलाय तुरुंगात. बसची वाट बघत उभा होता, एवढ्यावर. पोलिसांना संशय आला म्हणे."

"अगं, या बायकांना मी तोंड कसं दाखवू? आणि म्हणायचीच तर नीट इंग्रजीत तरी म्हण. वीस वर्षं हॉस्पिटलच्या फरश्या पुसल्या त्या काय पोरीने स्टेजवर जमैकाच्या बाजारात बसल्यासारखं बोलावं म्हणून?"

"तो नीट इंग्रजीतच बोलला होता त्यांच्याशी. सर म्हणाला होता. काय झालं?"

आयोनीने बाही सोडली. डोक्यावरची पांढरी टोपी सरळ केली, पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि खंजिरी मांडीवर पालथी ठेवली.

मार्व्हलिन पुढे आली. ही पोरगी एरवी तरुणांच्या क्लबात ड्रमच्या साथीवर कविता म्हणते. इथे ड्रम नव्हता, नुसता पाय होता. पायाने ठेका धरून तिने सुरुवात केली, अस्सल घरच्या बोलीत.

"बस यीना, बस यीना, थंडी घुसली हाडात,
निळ्या दिव्याची गाडी मातूर वेळेवर आली थाटात..."

आणि थांबली.

आता आमच्याकडे देवाने आपलं काय भलं केलं याची साक्ष द्यायला कोणी उभं राहिलं आणि मधेच अडलं, की बायका गाणं उचलतात. त्या माणसाला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. सिस्टर क्लॅरिसला वाटलं, पोर विसरली. तिने गाणं उचललं, अख्खा हॉल मागून टाळ्या पिटायला लागला.

गाणं संपेपर्यंत मार्व्हलिन उभी. मग म्हणाली, "सिस्टर, मी विसरले नाही. ती थांबायची जागा आहे. तिथे ड्रम असतो."

"मग आधी सांगायचं ना, बाळ. आम्ही आपलं तुला वाचवत होतो."

दोन ओळी झाल्या, पोरगी थांबली, क्लॅरिसने पुन्हा गाणं उचललं. तिसऱ्या वेळी पास्टरच म्हणाले, "सिस्टर क्लॅरिस, बसा. ड्रम चालू आहे."

हसू उसळलं, पण सगळे शिकले. पोरगी थांबली की हॉल थांबायचा, नुसता तिचा पाय चालायचा आणि टोप्या डोलायच्या. भोपळा थरथरत होता. बाहेर पोलिसाचा कुत्रा होता, तो खाली बसून शेपटीने ठेका देत होता. मी खिडकीतून पाहिला.

"साहेब म्हनला, नाव काय रं? ताठ हुबं ऱ्हाऊन सांगितलं,
सर, माजं नाव..."

तिची नजर आईवर गेली. ती थांबली.

हॉलही थांबला. टोप्या डोलल्या. क्लॅरिसने तर तोंडावर रुमाल दाबून धरला, चुकून सूर निघायला नको. कोणी वाचवायला आलं नाही. मार्व्हलिनचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आणि तिचा पायही थांबलाय, हे फक्त पहिल्या रांगेतून दिसत होतं.

खंजिरी एकदाच वाजली.

"एव्हरल्ड," आयोनी म्हणाली. मग उठून उभी राहिली. "एव्हरल्ड जोसाया ग्रँट. माजं पोरगं हाय त्ये. लीड्सला न्हाई गेल्यालं."

वीस वर्षांत तिच्या तोंडून ही बोली आम्ही ऐकली नव्हती. ती खाली बसली. क्लॅरिस उठली, तिच्या शेजारी जाऊन टेकली आणि हळूच म्हणाली, "माझा नातू स्काउटच्या कॅम्पला गेलाय म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"हो."

"सहा महिन्यांचा कॅम्प कुठे असतो गं?"

आयोनीने तिच्याकडे पाहिलं आणि खंजिरी उचलली. पुढची सगळी कविता तिच्या ठेक्यावर झाली. जिथे जिथे थांबायचं, तिथे तिथे ती. शेवटची ओळ संपली, तेवढ्यात मागचं दार करकरलं. पातळ जाकीट घातलेला एव्हरल्ड दारात उभा. म्हणाला, "मम्मी, जेवण उरलंय का?"

बरं बाई, बरं. भोपळा खरा, कुत्र्याची शेपटीसुद्धा खरी. दारातून एव्हरल्ड आला, तेवढं माझ्या पदरचं. तो सुटणार नाताळानंतर. पण मी हे सांगते तेव्हा आयोनी समोरच बसलेली असते, आणि इथवर आलं की मान वळवून दाराकडे बघते. तिच्यासमोर तुम्ही सांगून बघा, तो आला नाही म्हणून.