मयुराचं कन्यादान

सरावलीच्या अमृतनं कॉलेजात पोहणं, कबड्डी आणि व्हॉलीबॉल अशा तिन्ही खेळांत विद्यापीठ गाजवलं होतं. शिक्षण संपवून तो चिकूच्या वाडीत परतला. मग एकदा वेवजीकडे खाणीच्या तळ्यात एक पोरगा बुडाला. कुणालाच सापडेना, तेव्हा अमृतनं बुडी मारून त्याचं प्रेत वर आणलं. तेव्हापासून डहाणू-तलासरीत कुणी बुडालं की फोन त्यालाच. उन्हाळ्यात तो गावोगावच्या पोरांना पोहायलाही शिकवायचा, पण लोकांच्या लक्षात राहिली ती प्रेतंच. हळूहळू बारशाची, साखरपुड्याची बोलावणी बंद झाली.

त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. घरात पुतणी मयुरा होती. थोरला भाऊ गेला तेव्हा ती नुकती चालायला लागलेली. अमृतनं लग्न केलं नाही, पोरीला वाढवलं. लग्न ठरताच तिनं सांगून टाकलं, "कन्यादान काकाच करणार."

हळदीच्या सकाळी कासाहून फोन आला. तिथल्या भिकाचा धाकल्या नावाचा मुलगा सूर्या नदीत बुडाला होता.

"भावजी, आजच्या दिवस नका जाऊ," मयुराची आई, नूतनवहिनी म्हणाल्या. "दुसरं कुणी नाही का?"

"असतं तर मला कशाला बोलावलं असतं, वहिनी?"

धाकल्या खोल डोहात, कपारीत अडकला होता. वर आणण्याआधी अमृतनं पाण्यातच त्याचे डोळे मिटले. काठावर म्हातारा भिका एवढंच म्हणाला, "झोपल्यासारखाच दिसतो."

अमृत घरी आला आणि विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊ लागला. वहिनी टॉवेल घेऊन आल्या.

"मुलाकडच्यांना कळलंय. त्यांची आजी म्हणते, प्रेताला लागलेल्या हातानं..."

"मामा करतील कन्यादान. मयुराला मी सांगतो."

वहिनी पदरात तोंड लपवून रडायला लागल्या. त्यांचीच समजूत त्याला काढावी लागली.

हळदीनं माखलेल्या मयुराला तो म्हणाला, "बुडी मारताना खांदा धरलाय गं. उद्या हात उचलणार नाही. मामांना बसू दे."

"कुठला?"

"उजवा."

तिनं उजव्या खांद्यावर हात ठेवून जोरात दाबला. कळवळायचं त्याला सुचलंच नाही.

"काका, मी सासरच्यांना विचारते. नाहीतर हे लग्नच..."

"नाही. माझी शपथ आहे तुला."

तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला. त्याच्या सदऱ्यावर तिच्या हाताची हळद उमटली होती.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तो मांडवापलीकडच्या वाडीत होता. लाऊडस्पीकरवरून सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. कन्यादानाची वेळ झाली. गुरुजींनी मामा-मामींना पुढं बोलावलं. मांडवातून मयुरानं वाडीकडे पाहिलं तेव्हा तो झाडामागे सरकला. गुरुजींनी तिला दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं तिनं हात पुढं केला.