एक ऐंशीच्या खाली नाही

गाझियाबादेतल्या आमच्या सोसायटीत फ्लॅटचे भाव बाजार ठरवत नाही, आम्ही ठरवतो. मसुदा माझा असतो. केंद्र सरकारात तेहेतीस वर्षं मसुदे करून निवृत्त झालेला माणूस सोसायटीचा सेक्रेटरी झाला, की दुसरं काय होणार!

दोन वर्षांपूर्वी नवव्या मजल्यावरच्या सक्सेनांनी बायकोच्या केमोसाठी आपला फ्लॅट घाईघाईने एक कोटी दहाला विकला. व्हॉट्सॲप ग्रुपवर शोककळा पसरली. बाईंसाठी नव्हे, भावासाठी. प्रत्येकाचं पंधरा लाखांचं नुकसान झालंय, असं खजिनदार त्यागीजींनी मांडून दाखवलं. कुणाच्या खिशातून दमडी गेली नव्हती, पण वाईट सगळ्यांना वाटलं. मला जरा जास्तच.

मग ठराव झाला. किमान दर सोसायटी ठरवणार. त्याखाली विकणाऱ्याला ना-हरकत पत्र नाही, आणि त्या पत्राशिवाय घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही. कायद्यात हे कुठेही बसत नाही, हे मला माहीत होतं. पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबेल असं गिऱ्हाईक नसतं, हेही माहीत होतं. कलम तीन मी विशेष प्रेमाने लिहिलं: आजारपण, बदली, विवाह वा अन्य कौटुंबिक अडचण ही सवलतीची सबब मानली जाणार नाही. कलम चार: रक्कम बँकेच्या स्टेटमेंटवरून पडताळली जाईल. टाळ्या पडल्या. यंदा दर एक कोटी ऐंशी लाख आहे. गेटवर तसा बॅनर आहे.

गेल्या हिवाळ्यात इथल्या विषारी धुरक्याने मीनाक्षीला, म्हणजे माझ्या बायकोला, श्वास लागून दोनदा ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "अगला नवंबर यहाँ मत निकालिए." पुण्यातल्या आमच्या मुलीने, रेवतीने, वारज्यात दोन खोल्या बघून ठेवल्या. इथलं विकायचं, तिथलं घ्यायचं. सोपं होतं.

सात महिन्यांत चाळीसेक जण घर बघून गेले. सगळ्यांनी बाल्कनीचं कौतुक केलं, किंमत विचारली, आणि पुन्हा एकदा बाल्कनीचं कौतुक करून लिफ्टकडे वळले. ऑगस्टमध्ये एक दंतवैद्य आला. एक बावन्न देतो म्हणाला, पंधरा दिवसांत. वारज्याचं घर त्यात आरामात बसत होतं.

"अहो, सेक्रेटरी तुम्हीच ना?" मीनाक्षी म्हणाली. "द्या की ते पत्र सही करून."

"खजिनदाराचीही सही लागते. कलम पाच."

"ते कुणी घातलं?"

मी पेपर उघडला.

"बोला ना. सक्सेनांचा राग काढलात तुम्ही. आता बसा!" एवढं बोलून तिला धाप लागली, म्हणून बाकीचं ती नजरेने बोलली.

रविवारी क्लबहाउसमध्ये सभा भरली. मी माझा अर्ज वाचून दाखवला. अर्ज चांगला उतरला होता. दोघी-तिघींनी डोळे टिपले.

"भाभीजी के लिए हम सब दुआ करते हैं," त्यागीजी म्हणाले. "लेकिन शशिकांतजी, क्लॉज थ्री..." आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. पळवाट शोधायला मी कान देऊन ऐकत होतो. सापडली नाही.

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "वैसे सक्सेनाजी की वाइफ अब कैसी हैं?"

कुणालाच माहीत नव्हतं. सेक्रेटरीलाही नाही.

त्यागीजींनी घसा साफ केला. "देखिए, शशिकांतजी अपने आदमी हैं. इन्हें पैसे की ज़रूरत है. तो इनकी मदद करते हैं. रेट बढ़ा देते हैं. दो करोड़!"

"बिल्कुल!" चारी बाजूंनी आवाज आले. हात वर होऊ लागले. शेजारच्या अलकाजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बैठे-बैठे बीस लाख का फ़ायदा, भाईसाहब. मिठाई खिलाइए."

सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी माणसं आपल्यासाठी हात वर करून बसलेली असताना आपलाच खाली ठेवणं बरं दिसत नाही. मी वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

दंतवैद्याने शेजारच्या सेक्टरमध्ये घर घेतलं. एक अठ्ठेचाळीसला. तिथे माझ्यासारखा सेक्रेटरी नसावा.

मी रेवतीला फोन केला. "वारज्याचं राहू दे गं."

"म्हणजे? आणि आईचं काय, बाबा?"

"आपलं घर दोन कोटींचं झालंय."

"मी आईचं विचारतेय."

आत नेब्युलायझर घरघरत होता. मी म्हणालो, "करतोय काहीतरी."

आज मिस्त्री येऊन गेला. बाल्कनीच्या दारासकट सगळं रबर लावून सील करणार आहे, म्हणजे बाहेरची हवा आत यायला नको. पुन्हा काही उघडता येणार नाही म्हणाला, पण अशा घराला हल्ली भाव जास्त मिळतो.