खालचा ठिपका

बुधाजी तेलगोटे सरांनी स्वेटरची चेन खाली ओढली आणि विमानाचं नाक सरळ काखेत घेतलं. मुलं फिदीफिदी हसली.

"सर, गुदगुल्या नाई होत काय?" सातवीतल्या नीलमनं विचारलं.

"होतेत न. पण तुमच्यापरीस याले जास्त थंडी वाजून राहिली. गारठलेलं इंजिन कोनाचंच आयकत नाई. पहिले ऊब, मंग इंधन, मंग हात."

अकोल्यातली जानेवारीची सकाळ. शाळेच्या मैदानावर मोर्णा नदीकडून आलेलं धुकं अजून गोलपोस्टला धरून होतं. कडेला खुर्च्यांवर संस्थेचे सचिव मफलर गुंडाळून बसले होते, शेजारी मुख्याध्यापिका माधवी मॅडम. सर निवृत्त झाले तरी त्यांचा रविवारचा विमानांचा वर्ग चालू होता. हलक्या लाकडाचं, दोन तारांना धरून गोल गोल उडवायचं विमान आणि त्याला मुठीत मावेल एवढं खरंखुरं इंजिन. 'हे जुनं झालं, आता कोणाला हवंय?' असं सचिव दिवाळीत म्हणाले होते. मॅडमनी मध्ये पडून आजचं प्रात्यक्षिक ठरवलं. विमान उडालं तर वर्ग राहणार, नाहीतर खोली रिकामी करायची.

म्हणून ललित आला होता. तो याच वर्गात वाढलेला. आता अमरावतीत मुलांसाठी छंदवर्ग चालवायचा. 'सर, मी तुमच्या बाजूनं बोलतो,' असं फोनवर म्हणाला आणि आदल्या संध्याकाळीच पोचला. सरांच्या पत्नी इंदूबाईंनी भरीत-भाकर केली. जेवताना सरांनी इंजिनाचा प्लग काढून त्याला बॅटरी लावून दाखवली. प्लगमधली केसाएवढी तार लालबुंद झाली. त्या तापलेल्या तारेवरच इंधन पेट घेतं. तार तुटली की प्लग मेला.

"लग्न झाल्यापासून हिवाळ्यात हे इंजिन आमच्या दोघायच्या मधात झोपते," इंदूबाई ललितला म्हणाल्या. "मले कधी इचारलं नाई, तुले थंडी वाजते काय म्हनून."

ललितला हसता हसता ठसका लागला. "आज मावशीले सुट्टी द्या सर. विमान, पेटी, सगळं मी लॉजवर नेतो. सकाळी डायरेक्ट ग्राउंडावर."

"गाडीत नको ठेवू. खोलीत घे."

"तुमीच त शिकवलं, सर."

आता सरांनी बनियनच्या आत ठेवलेली इंधनाची बाटली काढली. थंडीत त्यातलं एरंडेल घट्ट होतं, म्हणून ती अंगाशी ठेवायची. ललितनं मागून शेपटी धरली. दोन थेंब सोडून सरांनी बॅटरी लावली आणि लाकडी दांडीनं पंखा फिरवला. खट. पुन्हा खट. मुलं मोठ्यानं मोजायला लागली, मग हळूहळू मोजायची थांबली. सरांनी बॅटरी बदलली. विमान पुन्हा काखेत घेतलं. पुन्हा खट.

सचिवांनी मोबाइल काढला.

"थंडी आहे साहेब," ललित पुढे झाला. "या इंजिनांचं असंच असतं."

'या' शब्दावर सरांनी मान वर केली.

"तोवर मुलांना काही दाखवू का? गाडीत पडलंय."

डिक्कीतून ड्रोन निघाला. त्यामागून गुंडाळलेलं बॅनरही निघालं. त्यावर शाळेचं नाव छापलेलं होतं, आणि खाली 'फेब्रुवारीपासून दर रविवारी'. ड्रोन भुणभुणत धुक्यात चढला. सचिवांनी फोटो काढले. ड्रोन उतरल्यावर ललितनं सगळ्यांदेखत सरांच्या पाया पडून म्हटलं, "आज जो काही आहे, तो सरांमुळे." टाळ्या वाजल्या आणि मंडळी चहाला गेली.

मैदानावर सर राहिले आणि त्यांची मुलं.

सरांनी पाना घेतला. 'इंजिन आयकत नाई त पहिले प्लग पाहा,' हे ते प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगत. आज त्यांनी तो पाहिला नव्हता. काल स्वतः पेटवून पाहिला होता, आणि रात्रभर विमान ललितजवळ होतं.

प्लग बाहेर आला. आतली तार तुटलेली. वरचा भाग ताजा खरडल्यासारखा चमकत होता. सरांनी तो उलटा केला. खालच्या कडेला लाल ठिपका.

मेलेले प्लग सर मुलांना दाखवायला पेटीतल्या एका डब्यात ठेवत. चांगल्यांत मिसळू नयेत म्हणून वर लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा, ही युक्ती शाळकरी ललितचीच. हाताळून तो ठिपका पुसला जाई, म्हणून नीलमच्या तुकडीनं खालीही एक द्यायला सुरुवात केली होती. ते ललितला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

नीलम वाकून पाहत होती. "सर, हा त डब्यातला!"

"हाव."

"मंग इंजिनात कसा गेला?"

"बसवला म्हनून गेला," सर म्हणाले आणि त्यांनी मूठ मिटली.

त्यांनी डबा उघडला. मेलेल्या प्लगांमध्ये एक बिनठिपक्याचा होता, तेल लावून नीट पुसलेला. चांगला प्लग फेकायचा नाही, हेही ललितला त्यांनीच शिकवलं होतं.

"सर, चहा. गरम हाय." ललित कप घेऊन आला होता.

सरांनी मूठ उघडली. "वरचा खरडला तू. खालचा राह्यला."

ललित प्लगकडे पाहत राहिला. "सर, मी सांगनारच होतो तुमाले. साहेबाचं त पहिलेच ठरलं होतं. मी नाई त दुसरा कोनी आला असता."

"मंग दुसऱ्याले येऊ द्यायचं."

"तुमी तरी कुठवर करान सर, या थंडीत?"

"काल माह्या घरी जेवला न तू? तवा सांगतलं असतं त खोली मीच झाडून देली असती, बापू. इंजिनाले काहून हात लावला?"

ललितनं कप गवतावर ठेवला आणि तो कडेच्या खुर्च्यांपाशी जाऊन उभा राहिला.

सरांनी चांगला प्लग बसवला. इंजिन सुरू करताना विमानाची शेपटी मोठ्या माणसानं घट्ट धरायची, मुलांनी नाही, हा वर्गाचा नियम. अमरावतीहून आला की ती जागा ललितची असे. सरांनी पेटीतून सुतळी काढली. विमान गोलपोस्टपाशी नेलं, शेपटी खांबाला बांधली, गाठ ओढून पाहिली. मुलांना मागं सरकवलं. मग विमानाचं नाक तळव्यांत धरून ते बराच वेळ बसून राहिले.

दोन थेंब. बॅटरी. दांडी.

इंजिन खोकलं आणि कडाडून सुरू झालं. जळक्या एरंडेलाचा वास मैदानभर पसरला. मुलं ओरडली. माधवी मॅडम पदर सावरत शाळेच्या दारात आल्या. आणि ललित, सवयीनं, धावत येऊन शेपटीमागे गुडघ्यांवर बसला. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"राहू दे," सर आवाजावर आवाज चढवून म्हणाले. "बांधलं हाय."

ललितचे हात तसेच पुढे राहिले. टाकीतलं इंधन संपेपर्यंत विमान सुतळीला हिसके देत राहिलं.